परदेशी शिकणाऱ्याचे आजारपण : सभासद की गिऱ्हाईक?



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठ्या विद्वानांची भाषणे होतात. मी विद्वान नव्हे. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आजचा विषय मी पंडिताच्या थाटात मांडणार नाही. वर्गणीची वही सांभाळणारा माणूस जसा मांडील तसा मांडणार आहे. विषय आहे परदेशात शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आजारपणाचा, म्हणजे त्यांच्या औषधपाण्याचा आणि आरोग्यविम्याचा.

कामगार चळवळीतल्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, परदेशी शिक्षण ही आता वकील-डॉक्टरांच्या मुलांपुरती गोष्ट राहिलेली नाही. यंत्रमागावर, फौंड्रीत, एस.टी.त काम करणाऱ्यांची मुलेमुलीही कर्ज काढून जर्मनीला, इंग्लंडला, अमेरिकेला जातात. आमच्या कचेरीत पूर्वी लोक प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे कागद घेऊन येत. आता त्याच पिशवीतून विद्यापीठाचे पत्र निघते. फी, विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे यांचा हिशेब आईबापांना तोंडपाठ असतो. विम्याच्या रकान्यापाशी मात्र सगळे अडतात. आणि घर गहाण ठेवून पाठविलेले पोर तिकडे आजारी पडले, तर ज्या कागदावर सारे अवलंबून राहावयाचे तो नेमका हाच कागद असतो.

मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपले मूल ज्या देशात जाते तिथे आजारपणाच्या बाबतीत ते सभासद होते की गिऱ्हाईक, हे आधी ओळखा. बाकीचे सारे प्रश्न यातून सुटत जातात.

वर्गणीचे गणित

विमा हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे एजंट उभा राहतो. त्याला क्षणभर बाजूला बसवू या. विम्याचे मूळ वर्गणीत आहे. समजा, एका विद्यापीठात एक हजार विद्यार्थी आहेत. वर्षभरात त्यांपैकी दहा जणांना इस्पितळात जावे लागेल आणि प्रत्येकी एक लाख रुपये खर्च येईल, असे धरू. एकूण खर्च दहा लाख. ते दहा कोण, हे आज कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येकाने आपापले एक लाख बाजूला काढून ठेवावयाचे म्हटले तर दहा कोटी रुपये अडकून पडतील, आणि बहुतेकांजवळ ते असणारही नाहीत. पण प्रत्येकाने एक हजार रुपये वर्गणी दिली की दहा लाख जमतात आणि दहाही जणांचे भागते. कारभाराचा खर्च म्हणून वर थोडे घाला, की झाला विमा.

या गणिताला एक अट आहे. धडधाकट माणसानेही वर्गणी द्यावयास हवी, आणि ती दुखणे येण्यापूर्वी द्यावयास हवी. "आमचा मुलगा रोज तालमीत जातो, त्याला कशाला हवा विमा?" असे म्हणून सगळे तालीमबाज बाहेर राहिले आणि दुखणाईत तेवढे आत आले, तर वर्गणी वाढवावी लागते. ती वाढली की आणखी काही निरोगी बाहेर पडतात. असे होत होत फंड बुडतो. म्हणून निरनिराळ्या देशांनी विद्यार्थ्यांवर विम्याची सक्ती केली आहे. युनियनच्या माणसाला ही सक्ती जाचक वाटत नाही. संप जिंकल्यावर पगारवाढ सर्वांना मिळते, तेव्हा वर्गणीही सर्वांनी द्यावी, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो.

आता सभासद आणि गिऱ्हाईक यांतला फरक पाहा. सभासदाची वर्गणी एका ठरलेल्या नियमाने घेतात. त्याची प्रकृती तपासून नव्हे. एकदा तो आत आला की जे इतरांना मिळते ते त्याला मिळते. गिऱ्हाइकाचे तसे नसते. त्याने जेवढे विकत घेतले तेवढेच त्याचे. कागदावर जे लिहिलेले नाही ते त्याला मिळत नाही, आणि जे लिहिलेले आहे त्यालाही खाली बारीक अक्षरात अपवाद असतात. दुकानदार वाईट असतो म्हणून असे होते, असे नाही. दुकानाचा तो धर्मच आहे.

१८८३ च्या जून महिन्यात

आपल्या इतिहासातले एक साल यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण प्रकृती निघतानाच तोळामासा होती. तिथली थंडी, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांत ती आणखी खालावली, आणि क्षयाने त्यांना गाठले. त्या मायदेशी परतल्या खऱ्या, परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते, तेव्हा विम्याने त्या वाचल्या असत्या असे मी म्हणणार नाही. पण परक्या देशात आजारी पडलेल्या विद्यार्थिनीला त्या दिवसांत आधार होता तो एका दयाळू अमेरिकन कुटुंबाचा. हक्क म्हणून मागता येईल असे काही नव्हते.

ज्या जून महिन्यात आनंदीबाई अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्याच महिन्याच्या १५ तारखेला जर्मनीत कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. तो आणणारा बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. १८७८ साली समाजवाद्यांना दडपणारा कायदा त्यानेच केला होता. कामगार समाजवाद्यांच्या मागे जाऊ नयेत म्हणून त्याने एका हाती दंडुका आणि दुसऱ्या हाती विमा घेतला. पण खाणकामगारांचे आणि कारागिरांचे फंड त्या देशात आधीपासून होते, त्या पायावर हा कायदा उभा राहिला. वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे आणि एक वाटा मालकाचा, आणि फंडाच्या कारभारातही कामगारांचे प्रतिनिधी त्याच प्रमाणात. आजारी कामगाराला औषधपाणी आणि तेरा आठवड्यांपर्यंत अर्धा पगार मिळू लागला.

तेरा आठवडे म्हणजे एक्याण्णव दिवस. आपल्याकडचा जो कामगार ई.एस.आय.चा लाभ घेतो त्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. प्राध्यापक अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आपली कामगार राज्य विमा योजना निघाली, १९४८ साली तिचा कायदा झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्ली येथे ती सुरू झाली. तीतही आजारपणाचा भत्ता वर्षाकाठी एक्याण्णव दिवसांपर्यंत मिळतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, हा २०१९ साली ठरलेला दर. दवाखान्यातल्या रांगेबद्दल आमच्या तक्रारी ढीगभर आहेत आणि त्या आम्ही करीत राहू. पण त्या रांगेत उभा राहणारा माणूस सभासद आहे, याचकही नाही आणि गिऱ्हाईकही नाही, ही गोष्ट मोठी आहे.

जर्मनी : फंडाचा सभासद

जर्मनीने १९७५ साली कायदा करून विद्यार्थ्यांनाही याच सार्वजनिक आजारविम्यात घेतले. आज आपल्याकडची मुलगी तिथल्या विद्यापीठात पदवीसाठी दाखल होते, तेव्हा वयाची तीस वर्षे पुरी होईपर्यंत तिला विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दराने फंडाचे सभासद होता येते. २०२५ साली ही वर्गणी, शुश्रूषा-विम्यासह, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो होती. फंड कोणता आणि वय किती यावर थोडे कमीजास्त होते. तिला दमा आहे की नाही, लहानपणी काही शस्त्रक्रिया झाली होती की काय, असे विचारून वर्गणी ठरत नाही. जर्मन विद्यार्थिनी जे कार्ड दाखवते तेच कार्ड आपली मुलगी दाखवते. औषधाच्या किमतीचा दहावा हिस्सा, पण पाच युरोंपेक्षा कमी नाही आणि दहांपेक्षा जास्त नाही, एवढा भार तिच्यावर पडतो. इस्पितळात राहावे लागले तर दिवसाला दहा युरो, आणि तेही वर्षात अठ्ठावीस दिवसांपुरते.

इथे तीन खड्डे आहेत, ते सांगून ठेवतो. पहिला असा की, विद्यार्थ्याला सार्वजनिक फंडातून सूट मागून खासगी विमा घेण्याची मुभा असते. खासगी विमा तरुणपणी स्वस्त दिसतो. पण अशी सूट एकदा घेतली की त्या शिक्षणाच्या काळात ती मागे घेता येत नाही. महिन्याला काही युरो वाचविण्यासाठी सभासदत्वावर पाणी सोडून गिऱ्हाईक व्हावयाचे की काय, याचा विचार सही करण्यापूर्वी करावा. दुसरा खड्डा भाषावर्गाचा. विद्यापीठात प्रवेश पक्का होण्यापूर्वी जी मुले भाषेचा किंवा पूर्वतयारीचा वर्ग करतात, त्यांना विद्यार्थ्यांच्या दराचे सभासदत्व मिळत नाही. तेवढ्या काळासाठी वेगळा विमा लागतो. तिसरा खड्डा वयाचा आणि पीएच.डी.चा. तीस वर्षे ओलांडलेल्यांना आणि पीएच.डी. करणाऱ्यांना हा सवलतीचा दर नाही. पीएच.डी.बरोबर विद्यापीठाची पगारी नोकरी असेल तर मात्र नोकरदार म्हणून फंडाचे दार उघडते. म्हणून नेमणुकीचे पत्र आणि विम्याचा कागद एकत्र ठेवून वाचावेत.

इंग्लंड : दाराशी घेतलेली पट्टी

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथल्या आरोग्यसेवेचे मूळ वेल्सच्या ट्रेडेगार या खाणगावात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तिथल्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पौंडामागे तीन पेनी याप्रमाणे वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली होती. डॉक्टर, शुश्रूषा, इस्पितळ सारे त्या वर्गणीतून. याच गावचा, तेराव्या वर्षी खाणीत कामाला लागलेला अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजी सबंध देशासाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः करातून चालतो. आजारी माणसाला दारात पैसे विचारावयाचे नाहीत, हे तिचे तत्त्व.

परदेशी विद्यार्थी बरीच वर्षे याच तत्त्वाखाली येत होते. एप्रिल २०१५ पासून मात्र सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसाबरोबर त्यांच्याकडून आरोग्य-अधिभार घेण्यात येऊ लागला. आरंभी तो विद्यार्थ्याला वर्षाकाठी १५० पौंड होता. पुढे वाढत वाढत फेब्रुवारी २०२४ पासून तो ७७६ पौंड झाला. नऊ वर्षांच्या आत पाचपटीहून अधिक! शिवाय ही रक्कम महिन्याच्या महिन्याला द्यावयाची नसते. व्हिसाचा जेवढा काळ असेल तेवढ्या काळाची सगळी आगाऊ भरावी लागते. एक वर्षाच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी व्हिसा वर्षाहून काही महिने अधिक मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे म्हणजे १,१६४ पौंड भरावे लागतात. आईबापांच्या हिशेबात हा आकडा पुष्कळदा नसतो आणि ऐन वेळी सावकार शोधावा लागतो. व्हिसा नाकारला गेला तर हे पैसे परत मिळतात, एवढे समाधान.

या अधिभाराबद्दल माझे मत मी झाकून ठेवणार नाही. विद्यार्थी तिथे काही तास काम करतो आणि कमाई पुरेशी असली तर करही भरतो. मग एकाच सेवेसाठी त्याच्याकडून दोनदा घेतले जाते. आवाज उठविल्यावर हे बदलू शकते, याचे उदाहरणही आहे. २०२० साली कोविडच्या दिवसांत परदेशी परिचारिका आणि डॉक्टर जिवावर उदार होऊन काम करीत होते आणि त्याच सेवेसाठी अधिभारही भरीत होते. त्यावर टीका झाली आणि आरोग्यसेवकांना त्यातून माफी मिळाली. विद्यार्थ्यांना ती मिळालेली नाही.

पण एकदा पैसे भरले की तुमचे मूल तिथे सभासद आहे, हे मात्र विसरू नका. पुष्कळ मुले पैसे भरूनही स्थानिक डॉक्टरकडे नाव नोंदवीत नाहीत, आणि ताप चढल्यावर मित्राच्या पिशवीतल्या गोळ्या खातात. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात नाव नोंदवावे. डॉक्टरची भेट आणि इस्पितळ यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक जिनसेला २०२४ पासून ९ पौंड ९० पेनी पडतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे तेही नाहीत. दात आणि चष्मा यांचा खर्च मात्र धरूनच चालावे. दात इथूनच दाखवून जाणे केव्हाही शहाणपणाचे.

अमेरिका : बाजारातले गिऱ्हाईक

अमेरिकेत सर्वांना सामावून घेणारा एक राष्ट्रीय विमा नाही. असे का, याचे एक कारण कामगारांच्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. तेव्हा कामगार टिकविण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देण्यास सुरुवात केली, आणि युनियननीही करारातून तो मागून घेतला. त्यामुळे तिथला विमा नोकरीला चिकटून बसला. ज्याला नोकरी नाही, त्याने बाजारात जाऊन विकत घ्यावा. विद्यार्थी या दुसऱ्या वर्गात पडतो.

'जे-१' व्हिसावर जाणाऱ्यांना सरकारी नियमानेच विमा लागतो : दर आजारपणास किंवा अपघातास निदान एक लाख डॉलरचे संरक्षण, आणि सुरुवातीला स्वतः भरावयाची रक्कम पाचशे डॉलरहून अधिक नाही. पण आपली बहुसंख्य मुले 'एफ-१' व्हिसावर जातात, आणि त्यांच्यासाठी असा केंद्रीय नियम नाही. तिथे बहुधा विद्यापीठच अट घालते : एक तर आमची योजना घ्या, नाही तर तिच्या तोडीचा दुसरा विमा दाखवा.

इथे तीन शब्द समजून घेतले पाहिजेत. पहिला 'डिडक्टिबल', म्हणजे विमा कंपनीने हात घालण्यापूर्वी तुम्ही स्वतः भरावयाची रक्कम. दुसरा 'कोइन्शुरन्स', म्हणजे त्यानंतरच्या बिलातला तुमचा टक्का. तिसरा 'आउट-ऑफ-पॉकेट' मर्यादा, म्हणजे वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल त्याची सीमा. उदाहरण घेऊ. डिडक्टिबल ५०० डॉलर, तुमचा टक्का वीस, आणि मर्यादा ५,००० डॉलर असे धरा. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचे बिल २०,००० डॉलर झाले. आधी तुमचे ५००. राहिले १९,५००. त्याचा विसावा टक्का नव्हे, वीस टक्के, म्हणजे ३,९००. एकूण ४,४०० डॉलर तुम्ही द्यावयाचे. बिल ४०,००० झाले असते तर याच हिशेबाने ८,४०० निघाले असते, पण मर्यादा आहे म्हणून ५,००० वर थांबले. आता ही मर्यादाच पॉलिसीत नसेल तर काय होईल, ते आपणच ताडा. म्हणून पॉलिसी हातात आली की हप्ता किती हे पाहण्याआधी ही तिसरी ओळ शोधा.

हे सारे कंपनीच्या यादीतल्या डॉक्टर-इस्पितळांपुरते असते. यादीबाहेर गेले की तुमचा वाटा वाढतो. तातडीच्या प्रसंगी मात्र कायद्याचा आधार आहे. १९८६ च्या कायद्याप्रमाणे तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला पैशांकडे न पाहता तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मागाहून येतेच. २०२२ च्या आरंभापासून दुसरा एक कायदा लागू झाला. विमा असलेल्याला तातडीच्या वेळी यादीबाहेरच्या इस्पितळात न्यावे लागले, तरी त्याला यादीबाहेरचा जादा भार लावता येत नाही. रस्त्यावरून धावणारी ॲम्ब्युलन्स मात्र या कायद्यातून सुटली आहे, आणि तिचे बिल पाहून धडधाकट माणसाला घेरी यावी.

विद्यापीठाची योजना महाग असते म्हणून पुष्कळ पालक इथून स्वस्त पॉलिसी घेऊन मुलाच्या हाती देतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. २०१० च्या अमेरिकन कायद्याने विद्यापीठांच्या विमायोजनांवर सामान्यतः बंधन घातले आहे, की जुने दुखणे आहे म्हणून नाही म्हणावयाचे नाही. प्रवाशांसाठीच्या पॉलिसींना ते बंधन नाही, आणि पुष्कळ पॉलिसींत जुने दुखणे, मानसिक आजार, बाळंतपण ही वगळलेली असतात. आमच्या एका सभासदाच्या मुलाला लहानपणापासून दमा. तिकडच्या थंडीत त्याला मोठा झटका आला आणि दोन रात्री इस्पितळात काढाव्या लागल्या. विमा कंपनीने उत्तर दिले की, दमा हे जुने दुखणे, सबब भरपाई नाही. बाप माझ्यापुढे तो कागद घेऊन बसला. कंपनीने खोटे काही लिहिले नव्हते. अट पॉलिसीच्या अकराव्या पानावर होती. हप्त्यात वाचलेले पैसे त्या दोन रात्रींत कितीतरी पटींनी गेले. इथून घेतलेली पॉलिसी प्रवासासाठी आणि पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दिवसांसाठी उपयोगी असते. दोन वर्षांचा भार तिच्यावर टाकणे म्हणजे लुनेवर ऊस लादण्यासारखे आहे.

आणखी एक. अमेरिकन विद्यापीठांत शिकवणीचे किंवा संशोधनाचे काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी आता युनियन बांधू लागले आहेत. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे अठ्ठेचाळीस हजार जणांचा संप सुरू झाला, आणि त्यांत परदेशी विद्यार्थीही होते. जिथे अशी युनियन आहे तिथे विम्याचा हप्ता हा कराराच्या टेबलावरचा विषय होतो. गिऱ्हाइके एकत्र आली की ती सभासद होऊ लागतात, हे मला इतक्या लांबून पाहूनही समाधान वाटते.

आपल्या दारातले परदेशी

आतापर्यंत आपण आपल्या मुलांचे पाहिले. पण आपल्याकडेही परदेशी मुले शिकावयास येतात, आणि पुणे तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते, तेव्हाची हकिकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून कोणाला तरी काही देते, असे त्यांच्या नजरेस आले. चौकशी करता कळले की, खोलीतला मुलगा मॉरिशसचा. त्याला कावीळ झाली होती आणि त्याची बहीण त्याला खिडकीतून जेवण देत होती. परदेशी मुलांची आपल्या गावात काय आबाळ होते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या विचारातून १९७१ साली सिंबायोसिस ही संस्था निघाली.

या हकिकतीत सर्व काही आले. त्या मुलाजवळ विम्याचे कार्ड असते तर डॉक्टरचे पैसे भागले असते. पथ्याचे जेवण कार्डाने आणून दिले नसते. आणि आजही आपल्याकडे आलेला परदेशी विद्यार्थी ई.एस.आय.चा सभासद नसतो. राज्याच्या आरोग्ययोजना इथल्या रहिवाशांसाठी आहेत. तेव्हा खासगी पॉलिसी आणि आपला शेजार, एवढेच त्याच्या गाठीशी. आपली मुले परदेशात सभासद म्हणून वागविली जावीत असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या आफ्रिकेतल्या किंवा नेपाळातल्या मुलाला ताप आला तर त्याला दवाखान्यात कोण नेते, हेही विचारले पाहिजे.

शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचे दुखणेही आहे. कर्जाचा बोजा, अंधारा हिवाळा, एकलेपणा आणि "घरी काय सांगू?" ही भीती, यांनी धडधाकट पोरे खचतात. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशनाची सोय असते. अमेरिकेत मनाने खचलेल्यासाठी ९८८ हा दूरध्वनी क्रमांक जुलै २०२२ पासून सुरू आहे. मुलाला इथून सांगून ठेवा की, तिथे जाणे कमीपणाचे नाही, आणि घरी कळविलेस तर आम्ही रागावणार नाही. हा विमा आईबापांनीच उतरवावयाचा आहे.

निघण्यापूर्वी

आता गोळाबेरीज. निघण्यापूर्वी सहा प्रश्न एका कागदावर लिहा आणि उत्तरे पॉलिसीतून किंवा फंडाकडून लेखी मिळवा. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

१. इथे माझे मूल सभासद आहे की गिऱ्हाईक?

२. विमा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे? विमानातून उतरल्यापासून नाव दाखल होईपर्यंतचे दिवस, आणि शिक्षण संपल्यापासून नोकरी लागेपर्यंतचे दिवस, यांत खिंड राहते काय?

३. जुन्या दुखण्याचे काय?

४. आपल्या खिशातून किती, आणि त्याची वर्षाची मर्यादा किती?

५. दात, डोळे, मन आणि बाळंतपण यांपैकी काय आत, काय बाहेर?

६. आजारी पडल्यावर प्रथम कोणाकडे जावयाचे? तातडीसाठी जर्मनीत ११२, इंग्लंडमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. तातडी नसताना डॉक्टर हवा असेल तर जर्मनीत ११६११७ आणि इंग्लंडमध्ये १११.

नेहमीचे औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह, इंग्रजीत बरोबर द्या. लस टोचल्याचे दाखले द्या.

हे झाले घरापुरते. पण मी संघटनेचा माणूस. घरापुरते बोलून थांबणे मला जमत नाही. जर्मनीतला फंड असो, ट्रेडेगारची संस्था असो की आपली कामगार विमा योजना असो, यांपैकी कोणतीही एकट्यादुकट्याने हुशारीने पॉलिसी निवडल्याने उभी राहिली नाही. आठवड्याच्या मजुरीतून चार पैसे काढणाऱ्या माणसांच्या ताकदीवर, आणि काही ठिकाणी त्या ताकदीच्या धाकाने, ती उभी राहिली. आपली मुले तिथे जाऊन त्या सावलीत बसतात. सावली कोणी लावलेल्या झाडाची आहे, हे त्यांना सांगा. शिकून ती परत येवोत वा तिकडेच राहोत, जिथे असतील तिथे वर्गणी भरणाऱ्यांच्या बाजूने उभी राहोत, एवढीच अपेक्षा.